आकडा

भूपेशचा कॅफे बंद झाला तेव्हा
त्याने खुर्च्या वजनावर विकल्या, एसी तुर्भ्याला गेला,
आणि मला म्हणाला, तुला काय हवंय ते ने.
मी सात नंबरचं मशीन उघडून ग्राफिक्स कार्ड काढलं.
दोन पंखे, एकाच्या पात्याचा टवका उडालेला,
पाठीवर मार्करने लिहिलेला सात.
कोपरखैरण्याच्या त्या गाळ्यात शाळा बुडवून
याच कार्डाच्या उजेडात मी किती वेळा मेलो
ते भूपेशच्या वहीत असेल,
तासाला वीस रुपये दराने.

घणसोलीच्या घरात लॅपटॉप आहे,
डिप्लोमाच्या वेळी हप्त्यांवर घेतलेला.
उद्या नोकरी कुठेही लागली तरी
उचलून नेता यावा, म्हणून लॅपटॉप.
कार्ड त्याच्या पोटात मावणारं नव्हतं.
बाहेरून जोडायचं.
पाठीचे अकरा स्क्रू वाटीत काढले (भरले दहाच)
आणि आत पाहिलं तर खाच एकच मोकळी होण्यासारखी,
वायफायची.
ते नखाएवढं कार्ड उपटलं की माझी वायर बसते.
काळी आणि पांढरी, अँटेनाच्या दोन तारा
चिकटपट्टीखाली झोपवून टाकल्या.

राहिली वीज.
भंगारातून आणलेला पॉवर सप्लायचा डबा,
त्याला सवय कॉम्प्युटरने उठवण्याची.
इथे कॉम्प्युटरच नाही, मग उठवणार कोण?
त्याच्या जाड प्लगमधली हिरवी तार काळीला भेटवली
की तो फसतो, म्हणे. त्यासाठी कागदाची पिन लागते.
आमच्याकडे पिन लावण्याजोगे कागद कधी नव्हतेच,
जे आहेत ते पिशवीत, सुतळी बांधून.

आई दाणा मार्केटमधून नुकतीच आली होती,
भुवयांवर तुरीचा भुसा.
तिने ऐकून घेतलं, हात मागे नेला
आणि अंबाड्यातला आकडा उपसून दिला.
अंबाडा पाठीवर सुटला.
"आकडा टाकतोयस होय? आपल्याला मीटर आहे ना रे?"
"तसला नाही गं."
"शॉक?"
"पाच व्होल्ट फक्त."
"पाच म्हणजे कमी का जास्त?"
तोवर आकड्याचा एक पाय हिरव्यात, एक काळ्यात
इतका नेमका बसला
की जणू तो केसांसाठी कधी केलेलाच नव्हता.

पंखे फिरले. टवका उडालेला खडखडला.
मग लॅपटॉप, आधी नाही, हा क्रम चुकवायचा नसतो.
पडद्यावर पिवळा त्रिकोण आला: कोड बारा.
"काय म्हणतोय?"
"जागा पुरत नाही म्हणतोय."
आईने खोलीभर नजर फिरवली,
कॉटखालची भांडी, कॉटवरच्या गाद्या.
"ते काय मशीनने सांगायला हवं?"

आतल्या जुन्या चिपला रजा दिली, पुन्हा सुरू केलं,
तिसऱ्या खेपेला लागलं.
चित्र बाहेर तयार होतं
आणि त्याच बारीक वायरीतून घरी परत येतं,
म्हणून जरा उशिरा. पण येतं.
डोंगर आला, धुकं आलं, गाडीच्या बॉनेटवर
ढगांची सावली सरकली, जी या लॅपटॉपला
आजवर झेपलीच नव्हती.
आई केस मोकळे सोडून पाहत उभी.
"छान आहे. कुठलं?"
कुठलंच नाही, म्हणालो.

मग तिने टेबल पाहिलं,
उघडं पोट, डबा, वायरींची जाळी.
"म्हणजे हा आता उचलता यायचा नाही?"
"येईल की. सगळं सोडवलं की."
ती "बरं" म्हणाली आणि भात लावायला गेली.

पहाटे पाचला माझ्या खांद्यावर बोट टोचतं.
एका मुठीत पिळलेले केस, दुसरा हात पुढे.
"आकडा."
मी लॅपटॉप बंद करतो, मग ओढतो.
आधी खडखड थांबते, मग घोंघाट.
आकडा अजून कोमट असतो.
ती तो तसाच केसांत खुपसते
आणि चप्पल शोधते.